ताळा

टिपणीस, तुमच्या राज्यात चंद्र किती?
एकोणऐंशीच्या पावत्यांवर दोन आहेत.
ब्याऐंशीच्या वहीत तीन, आणि तिसऱ्यापुढे
तुमच्याच हातचं प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं.
सेनापतीचा पहिल्या लढाईत डावा डोळा गेलेला,
पुढच्या लढाईत तोच शाबूत, उजवा गायब.
हा काय चमत्कार,
की मध्ये तुम्ही चहाला उठला होतात?

मी छाणी नाक्यावरचा माणूस.
एकवीस वर्षं तुमच्यासमोरच्या टेबलावर.
ट्रकमधले नग आणि बिलावरचे नग
जुळेपर्यंत दांडी वर केली नाही कधी.
तुमच्या दोन पत्र्याच्या पेट्या उघडल्या तेव्हा वाटलं,
आठवड्याचं काम.
ही तिसरी होळी.

रद्द पावत्यांच्या पाठी, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू,
एक अख्खं प्रकरण विजेच्या बिलांवर:
उलट्या नदीचं, जिथं नावाडीण
उतारूंच्या सावल्यांवर जकात घेते.
दर शेकडा दोन.
आपलाच दर लावलात, ओळखलं मी.

आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं,
शाईवरून ठरवून पाहिलं,
मग टाचण्यांच्या गंजावरून.
चंद्र अडीच धरायचीसुद्धा तयारी होती.
अडलं ते शेवटच्या ओळीला.

दिवसभर तुम्ही गुजरातीत रजिस्टर भरायचात,
संध्याकाळी त्याच हातानं मराठी.
डोक्यावर रेघ नाही,
घाईत अक्षरांना गाठी नाहीत.
नावाडीण बुडत्या राजाकडे एकदा बघते,
वल्हं ठेवते
आणि धार होते.
किंवा घार होते.
पाण्यात मिसळते की वर फिरत राहते कायमची,
सगळं एका रेघेवर आलंय
आणि ती तुम्ही मारलेली नाही.
एका खर्ड्यात आदल्या ओळीला पिसं आहेत.
दुसऱ्यात नुसती ओल.

दांडिया बाजारात गेलो, कुमुदवहिनींकडे.
त्या शेंगा सोलत होत्या.
"वाचून दाखवलं होतं मला एकदा,
पण नेमकी कुकरची शिट्टी झाली.
मला ऐकू आलं, ती घर झाली.
म्हटलं, बरं झालं बाई,
किती वर्षं वल्हवत होती."
आणि टरफलं पदरातून झटकली.

हे तिसरं.
याची तर पावतीच नाही कुठं.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर थांबलो.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर पडलेली, गाळासारखीच.
स्कूटरवाला म्हणाला, मेलीय.
त्याची बायको म्हणाली, ऊन खातेय.
दोघं भांडत होते.
मला दूध घ्यायचं होतं, मी निघालो.

परवा रावपुऱ्यातून छापखान्याचा फोन:
"दळवीसाहेब, फॉर्मा अडकलाय. घ नाखुं के ध?"
पोरगा सांगतो, कॉम्प्युटर रेघ आपोआप ओढतो,
न ओढायची सोयच नाही त्यात.
मी रिसीव्हर धरून बसलो.
पलीकडं मशीन चालू होतं,
कुणाच्या तरी बारशाच्या पत्रिका निघत होत्या.

म्हटलं, ती ओळ फोटो काढून तशीच बसव,
त्यांच्याच अक्षरात.
"वाकडी दिसेल, साहेब."
दिसू दे.

टिपणीस, माल काय ते लिहून घेतल्याशिवाय
एक गाडी सोडली नाही मी. हातगाडीसुद्धा.
ही सोडतोय.
चंद्र मात्र तीन धरलेत.
फरक निघाला
तर माझ्या नावे टाका.